चाकूनं उगवलेली झाडं

माझा हात फार चांगला, असं सांगलीत लोक म्हणायचे आणि ते ऐकून मी शेफारले होते. माझे यजमान फोटो काढत. मी निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल आणि बारीक चाकू चालवून देवीचे वण, पडकी भिंत, काय म्हणाल ते झाकून देई. काचेवर सगळं उलटं असतं. चाकूनं खरवडलं की कागदावर तिथं काळं उमटतं.

लढाईच्या दिवसांत शिराळ्याकडच्या डोंगरातला एक म्हातारा दुकानात आला. त्याचा एकुलता मुलगा पलटणीत, परमुलखात होता. जाताना तो गावच्या देवराईत नारळ ठेवून गेला होता. परत आलं की आधी देवराईत जायचं, मगच घरचा उंबरा ओलांडायचा, असा तिथला रिवाज. आता मुलानं पत्र धाडलं होतं, आईबापांचा देवराईतला फोटो पाठवा म्हणून.

आम्ही दोघं गेलो. बायका परक्या पुरुषासमोर अवघडतात, म्हणून पदर सारखा करायला यजमान मला नेत. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या मागे कोळशाचा गॅस करणारी भट्टी लावलेली आणि त्या गॅसवर मोटार धुसफुसत चढ चढत होती. वर पोचलो तर काय! देवराई नव्हतीच. देवळाभोवती नुसते पांढरे खुंट.

गावानं ती कोळशाच्या ठेकेदाराला दिली होती. चावडीत पहिला हात वर केला तो या म्हाताऱ्यानं. कोळसा लढाईला जातो, असं त्याला सांगितलेलं. पोराच्या कामी झाडं गेली तर देव रागवायचा नाही, असं त्या भाबड्याला वाटलं. कोळसा कुठं जळतोय ते आम्ही येताना आमच्याच मोटारीच्या भट्टीत पाहिलं होतं. मला म्हाताऱ्याचा असा संताप आला की सांगायची सोय नाही.

"बाई," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्ये खुट पुसा. फोटूत झाडं काडा. पोरगं तिकडं मरणाच्या दारात हाय, त्येचा धीर सुटंल."

देवराई तुटल्यापासून त्याची बायको त्याच्याशी बोलत नव्हती. मी पदर सारखा करत असताना ती कुजबुजली, "खुट दिसू द्या. माज्या लेकराला खोटं धाडू नगा."

दोन दिवसांनी म्हातारा सांगलीला येऊन माझ्यासमोर बसला. मी काच हातात घेतली. एक ओरखडा चुकला तर सगळं मुसळ केरात. बापाचं ऐकावं की आईचं? खरं सांगते, मी कुणाचंच ऐकलं नाही. कसब दाखवायची हौस जिंकली. खुंट गेले, जांभळी उभ्या राहिल्या. म्हातारा रडला आणि मी खूश झाले.

लढाई संपली. एका दुपारी धुळीनं माखलेला, खाकी कपड्यातला तरुण फोटोमागचा शिक्का दाखवत दुकानात आला. खांद्यावर वळकटी तशीच. डोंगरावर देवराईच्या जागी खुंट पाहून तो घरी न जाता थेट आमच्याकडे आला होता. त्यानं तो फोटो टेबलावर ठेवला.

"रोज बगत हुतो ह्यो. बाई, ह्या झाडांखाली न्या मला. मग घरला जातो."

"ही झाडं खरी नाहीत. मी काचेवर चाकूनं काढलीत," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा दुकान फोडणार. यजमान उठून माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"आता खरा फोटू काडा," तो म्हणाला. "आन् काचंला हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी खुंटांमध्ये आईबाप आणि मुलगा, तिघंही उभी राहिली. आईनं पदर स्वतःच सारखा केला आणि यजमानांना बजावलं, "ह्येचा मोठा फोटू करा. चावडीत लावायचा, हात वर केले तितंच."

मोठा फोटो न्यायला म्हाताराच आला. फोटोकडे त्यानं पाहिलं नाही.

"चावडी गळकी हाय. पावसानं खराब न्हाई ना व्हायाचा?" त्यानं विचारलं. "लय वरसं टिकाय पायजे."