वारेतलं प्रथिन

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात एम.फिल. करत होतो. प्रबंधाचा विषय होता माणसाचं एक जनुक. त्या जनुकावरून पेशीत जे प्रथिन तयार होतं, त्याला बोटांसारखे वळसे असतात आणि प्रत्येक वळशाच्या मुळाशी जस्ताचा एक अणू बसलेला असतो. जस्त असलं तरच वळसा ताठ राहतो आणि प्रथिन डीएनएला धरतं. असं परदेशी नियतकालिकात छापून आलं होतं. मला एवढंच दाखवायचं होतं, की हे प्रथिन बाळंतपणात बाळामागून पडणाऱ्या वारेत असतं आणि डीएनएला खरोखर धरतं. दाखवलं तर माझे मार्गदर्शक सर मला पीएच.डी.ला घेणार होते. नाही तर सुट्ट्या लागायच्या आत आहे तसा प्रबंध द्यायचा आणि निघायचं. माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. पीएच.डी.चं मी घरी बोललोच नव्हतो. मिळाली नाही तर काय मिळालं नाही हेही समजावून सांगावं लागलं असतं.

वार मिळवणंच अवघड. सूतिकागृहातल्या सिस्टर मदत करायच्या, पण वार घरी नेऊन पुरायची असते, म्हणून लोक देत नसत. एकदा एक आजी मडकं घेऊनच दारात बसली होती.

"काहून पायजे तुले?"

"अभ्यासासाठी, आजी."

"वारेचा कोनता अभ्यास असते गा?"

"तिच्यातून एक प्रथिन काढतो."

"काढून मंग लेकराले आनून देशीन का?"

आतून तिची सून म्हणाली, "द्या ना आत्याबाई, पोट्टा कवाचा उभा हाये. घाम पाहा त्याचा."

आजीनं मुठीएवढा तुकडा कापू दिला. बाकीची मडक्यात गेली. तुकडा बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी सायकलनं निघालो. एप्रिलचं ऊन होतं. बर्फ विरघळेल या भीतीनं मी वाटेत पाणी प्यायलाही थांबलो नाही.

प्रयोगशाळेत अर्ध्या तुकड्याचा अर्क काढला. काचेच्या नळीत डीएनए चिकटवलेली भुकटी भरलेली असायची. वरून अर्क ओतायचा. प्रथिनानं डीएनए धरला तर ते नळीत अडकतं, नाही धरला तर सरळ खाली गळतं. आधीच्या प्रत्येक वेळेसारखं याही वेळी ते सरळ गळलं.

आमच्या प्रत्येक द्रावणात ईडीटीए नावाचं रसायन असायचं. अर्कात डीएनए कुरतडणारे पदार्थही असतात, ते त्यानं थंड पडतात. सर शिकले तिथली ती पद्धत होती, आणि आमच्याकडे जो नवा येई तो आधी तीच शिके. मीही इमानेइतबारे तसंच करत होतो. पण ईडीटीए धातू ओढून घेतं. जस्तही. म्हणजे ज्या जस्तावर प्रथिनाची पकड, तेच मी पहिल्या धुण्यात काढून टाकत होतो. हे वाचनालयात बसल्या बसल्या लक्षात आलं आणि माझी मलाच चीड आली.

सरांना सांगायला मला आठवडा लागला. शिक्षकाला 'तुमचं चुकतंय' म्हणायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती. वाक्य पाठ करून गेलो आणि त्यांच्यासमोर अर्धंच आठवलं.

"सर, ते ईडीटीए... काढलं तर?"

"काढ. डीएनएचा भुगा झाला तर माझ्याकडे रडत येऊ नको."

उरलेला अर्धा तुकडा फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेला होता. ईडीटीए न घालता अर्क काढला. प्रथिन खाली आलं, आणि त्याच्यासोबत डीएनएचे तुकडेही आले. सर म्हणाले तसंच झालं होतं. प्रथिनानं डीएनए धरला होता आणि धरलेलाच तुटून आला, की धरलाच नव्हता? त्या गढूळ पाण्यावरून काहीच सांगता येत नव्हतं. ईडीटीए घातलं तर जस्त जातं, न घातलं तर डीएनए जातो. मी नळी इतक्या जोरात धुतली की ती फुटली, आणि सरांनी तेवढ्यापुरतंच मला झापलं.

मधला मार्ग होता. आधी ईडीटीएत अर्क काढायचा, मग ते धुऊन जस्त परत द्यायचं. त्याला ताजी वार हवी होती. मी सूतिकागृहाच्या फेऱ्या मारल्या. कुणी नाही म्हणालं, कुणी माझ्यावर ओरडलं. त्यांचंही बरोबरच होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "पुरे आता. टायपिस्टकडे दे."

शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं की जोडणी आढळली नाही, पण आमच्या द्रावणांमुळे जस्त निघून गेलं असावं. सरांनी 'पण'पासून पुढचं सगळं खोडलं.

"प्रबंधात शंका लिहीत नसतात."

"सर, पण प्रथिन धरत नाही असं त्यावरून म्हणताच येत नाही."

"पुढे जो करेल तो पाहील."

पुढे करायला मीच तर मागत होतो. त्यांनी सही केली.

घरी आई भाकरी थापत होती. मी न विचारता सांगितलं, "झालं. दिला प्रबंध."

"सापडलं का मंग, जे धुंडून राहिला होता ते?"

"नाही. नाही सापडलं असं लिवलं."

तिचा हात थांबला. "नाही सापडलं, तरी डिग्री देते?"

"देते."

"मंग तोंड काहून पाडलं?" असं म्हणत तिनं ताटात गरम भाकरी टाकली. मी जस्ताचं सांगायला तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून भाकरी मोडली.