गायीच्या वाटेची मोजणी

मी मोजणी खात्यातला माणूस. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधांवर नकाशे पसरून उभा राहिलो. त्यामुळे निवृत्तीनंतर गोष्ट लिहायची तीही मोजूनमापून, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. पाच वर्षं नुसती मोजणीच चालली, तेव्हा मात्र वाटायला लागलं.

गोष्ट माझ्या आत्याची होती. लग्नात आजोबांनी तिला एक गाय आंदण दिली होती. वर्षाच्या आत बेंबळीला, सासरी, सासूबाईंनी ती गाय बाजारात न्यायचं ठरवलं. आत्या पहाटे उठली, दावं सोडलं आणि गायीसकट चालत दुसऱ्या दिवशी तेरला माहेरी येऊन उभी राहिली. आठ दिवसांनी सासरे स्वतः आले आणि दोघींना मानानं परत घेऊन गेले. गोष्ट एवढीच. पण मला त्यात चौदा प्रकरणं दिसत होती.

भिंतीवर मी मोठा कागद चिकटवला. हिरव्या पेन्सिलीनं गायीची वाट, लाल पेन्सिलीनं आत्याचे विचार. गाय कुठल्या ओढ्यावर पाणी प्याली, ऊन कुठं लागलं, बाभळी कुठं संपल्या, सगळं त्यावर आलं. बायकोला मोटारसायकलवर मागं बसवून ती सगळी वाट किलोमीटर टिपत पालथी घातली. ती पाहुण्यांना सांगायची, "लोक बायकोला देवाला नेतात. आमच्या ह्यांनी मला जनावराच्या वाटेनं हिंडवलं. आन् एवढं करून गाय अजून गोठ्यातच हाय बरं का!"

हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी नेतही होतो. फक्त आत्याचं तसं नव्हतं. नवरा गेल्यावर ती तेरला माझ्या थोरल्या भावाकडं राहायला आली होती. वय ऐंशीच्या पुढं. वाचता येत नव्हतं, डावा कान कधीच गेला होता आणि उजवा जायला लागला होता. मी तेरला गेलो की त्या उजव्या कानामागं हात धरून विचारायची, "माझी गोष्ट कुठवर आली रं?" मी म्हणायचो, "आराखडा पक्का होतोय, आत्या." आराखडा म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. चांगलंच काहीतरी असेल म्हणून ती मान हलवायची.

गेल्या येळवशीला, म्हणजे शेतातल्या पूजेच्या वेळ अमावस्येला, मी तो कागद गुंडाळी करून तेरच्या शेतात घेऊन गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी आणि उंडे खाऊन झाले, आंबील दोनदा पिऊन झाली. माणसं ज्वारीच्या सावलीला कलंडली. मी आत्यासमोर घोंगडीवर नकाशा पसरला. एकच गाठ सुटत नव्हती. धाराशिवच्या अलीकडं वाट फुटते, तिथं आत्या कुठल्या बाजूला वळली? त्या फाट्यावर मी तिच्या मनातली घालमेल तीन पानं आखून ठेवली होती. सासर की माहेर, डावं की उजवं.

तिच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, "आत्या, फाट्यावर तुमी काय विचार केला?"

शेजारच्या शेतातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"कसला विच्यार?" आत्या म्हणाली. "मला काय वाट ठावं? लगनात गाडीत बसले तवा डोईवरनं त्वांडावर पदर हुता. गाय मातुर गाडीमागं चालत आलती, तिनं सगळं बघितलं हुतं. म्या नुसतं दावं धरलं. ती नेईल तिकडं गेले."

वहिनी हसायला लागली. बायको तर पदरानं डोळे पुसत हसली. तीन पानांची घालमेल एका गायीनं मोडीत काढली होती. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. पाच वर्षांत मी त्या रस्त्याला सगळं विचारलं होतं. आत्याला हा एक प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं.

आत्यानं नकाशावर हात फिरवला. "लई बेस काढलंय," ती म्हणाली. "आता वाचून दाव."

वाचायला एक ओळही नव्हती. मला माझी लाज वाटली.

घरी आल्यावर कागद न बघता लिहायला बसलो. पहाट, दावं, गोठ्याचं दार. पुढं काय येणार ते मला ठाऊक नव्हतं आणि त्याचं भय वाटत होतं, तरी हात थांबला नाही. दीड महिन्यात अकरा पानं झाली. ती घेऊन तेरला गेलो. आत्या ओसरीवर बसली होती. मी उजव्या कानाशी वाकून पहिलं वाक्य वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. मग एवढ्या मोठ्यानं, की गल्लीतल्या दोघी-तिघी दारात येऊन ऐकायला लागल्या.

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता ह्या कानात बी काय येईना रं. पर तू वाच. म्या त्वांडाकडं बघते."

मी अकराही पानं वाचली.