मुळं आणि पानं

"कपडे धुता येतात. भीती कुठल्या साबणानं धुणार?" रानबाई हे दिवसातून तीनदा तरी म्हणायच्या, आणि तिसऱ्यांदा म्हणताना कपाळावर हात मारून घ्यायच्या. शाळेत नव्यानं आलेल्या पोरांना त्या रोज सकाळी शाळेमागच्या झाडीत शिकवायला नेत, म्हणून रानबाई. खरं नाव कागदोपत्री होतं. तिथंच राहिलं.

झाडीत त्यांचे हुकूम दोनच. "मुळं!" म्हटलं की असाल तिथं पाय रोवून गप्प उभं राहायचं. "पानं!" म्हटलं की मोकळं. या दोन शब्दांवर त्यांनी बारा वर्षं काढली, पण पोर कधी हरवलं नाही.

एका सकाळी नवे हेडमास्तर आले. चिखलाच्या कपड्यांवरून पालकांच्या तक्रारी होत्या. झाडीतला वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्यांना त्याच दिवशी ठरवायचं होतं.

बाईंनी "मुळं!" म्हटलं. सोळा पोरं जागच्या जागी थबकली. वाऱ्याची सळसळ तेवढी ऐकू येऊ लागली.

"बाई, याला शिकवणं म्हणतात?" हेडमास्तरांनी शांतता मोडली.

"मग काय म्हणतात?"

"भटकणं!"

झालं, जुंपली. बोलता बोलता हेडमास्तरांनी शिट्टी फुंकली. मैदानावरच्या सवयीनं पोरं धावत रांगेत आली. हेडमास्तरांनी मोजली. पंधरा.

"बघा! हेच म्हणत होतो मी. आजपासून वर्ग बंद!"

नव्हती ती सगळ्यांत धाकटी. शाळेत येऊन तीन आठवडे झाले, तरी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं तिनं. हेडमास्तरांनी हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. उत्तर नाही. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मग एकदम त्या स्वतःवरच चिडल्या.

"अरे देवा, तुमच्याशी हुज्जत घालण्यात मी पोरांना मोकळं सोडायचंच विसरले! पानं!"

दहा पावलांवरच्या जाड खोडामागून आवाज आला, "किती वेळ लावलात बाई! माझा पाय झोपला!"

"मी एवढ्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीस?" हेडमास्तर घाम पुसत म्हणाले.

"मुळं बोलतात का?"

हेडमास्तरांनी शिट्टी खिशात टाकली. मग खाकरून म्हणाले, "बरं. वर्ग चालू राहू द्या. पण हिला शिट्टीही शिकवा."

"आधी तुम्ही दोन शब्द शिका!" बाई कडाडल्या. "आणि हिला आणा सावकाश. पाय जागा झाल्याशिवाय ओढू नका."

पंधरा पोरं पुढं घालून त्या निघाल्या, पुटपुटत, पदराला चिकटलेली काटेरी बोंडं उपटून फेकत. खोडाला टेकून हेडमास्तर बघत राहिले, आणि त्यांच्या शेजारी पाय चोळत ती पोरगी.