टाक म्हणजे आत की बाहेर

मी फोनवर 'टाक' म्हणालो, आणि त्या एका शब्दापायी आमच्या बोर्डानं शनिवार-रविवारभर नुसता केर जपून ठेवला.

बोर्ड म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर माझ्या बायकोसारखं तुम्हालाही वाटेल की मी कॅरमबद्दल बोलतोय. परदेशात एक भलंमोठं यंत्र आहे. त्यात अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळतात, सेकंदाला कोट्यवधी वेळा. एवढ्या टकरी साठवायला जागा कुठून आणणार, आणि बहुतेक तर साठवण्याच्या लायकीच्याही नसतात. म्हणून कोणती ठेवायची आणि कोणती सोडून द्यायची, हे पापणी लवायच्या कितीतरी आधी ठरवणारी इलेक्ट्रॉनिक्स लागते. तिला ट्रिगर म्हणतात. आता टकरी आणखी वाढवणार आहेत, तेव्हा जुना ट्रिगर काढून नवा बसवायचाय. त्यातल्या एका बोर्डाचं काम म्हैसूरला, आमच्या छोट्या प्रयोगशाळेत चालू होतं.

ते आम्ही दोघं करायचो. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. ती इथलीच, मंडी मोहल्ल्यात वडिलांचं टेलरिंगचं दुकान. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून घरी मराठी टिकवलेली माणसं, फक्त मराठीच्या मधेमधे कन्नड पेरलेलं. 'सर, सुम्ने कशाला काळजी करता,' असं ती म्हणाली, की मी लगेच म्हणायचो, 'सुम्ने नाही गं, उगीच.' दुसऱ्याचं मराठी सुधारायची मला भारी हौस.

बोर्ड घेऊन कुणीतरी एकानं तिकडे जाऊन तो बसवायचा होता. जागा एकच. तिला फार जायचं होतं. मला अजिबात नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

त्या शुक्रवारी मी हुणसूरहून बसनं परतत असताना तिचा फोन आला. चाचणीसाठी तिकडून आलेल्या नोंदींत टकरी टिपणारे काही सेन्सर बिघडलेले होते. टक्कर झालेली नसतानाही उगाच ओरडायचे.

'त्यांच्या सिग्नलचं काय करू, सर?'

'टाक.'

'सगळे?'

'सगळे टाक.'

'आयतु, सर,' म्हणजे झालंच समजा, असं म्हणून तिनं चाचणी सुरू केली.

सोमवारी सकाळी बघतो तर सगळी साठवण त्या ओरडणाऱ्या सेन्सरांनी भरलेली. चाचणीसाठी मुद्दाम सोडलेल्या चांगल्या टकरींना आत जागाच मिळाली नव्हती. आणि दुपारी परदेशातली मंडळी स्क्रीनवर येऊन बोर्ड तपासणार होती. आमच्या प्रमुख बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, 'ज्या हातून असं होतं, त्या हाती बोर्ड कसा देऊ?' त्या गेल्यावर मी तिच्याकडे वळलो.

'मी टाक म्हणालो होतो ना?'

'मग टाकलं की.'

'कुठे?'

'आत.'

'आत का?'

'टाक म्हटल्यावर आतच टाकतात, सर. तुमच्यात भाजीत मीठ कुठे टाकतात?'

पुण्यातही मीठ आतच टाकतात.

'मग फेकून द्यायचं असेल तर काय म्हणता तुम्ही?'

'बिसाक म्हणतो. टाक म्हणजे हाकु, घाल. मला वाटलं, गोंगाटानं बोर्ड भरून बघायचाय तुम्हाला.' मग तिचा आवाज खाली आला. 'विचारायला पाहिजे होतं मी. बाईंना तसंच सांगते. तुम्हीच जा तिकडे.'

खरं सांगतो, क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर तिकडचा बर्फ पडायला लागला. पण समोर ती टेबलावरची एक वायर उगाचच गुंडाळत बसली होती. गुंडाळून झाली की सोडायची, परत गुंडाळायची. ते मला बघवेना.

मी बाईंकडे गेलो. हुकूम माझा होता, म्हणालो, आणि हुकुमाला अर्थ दोन होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. 'असा हुकूम देणाऱ्याला तर मी मुळीच पाठवणार नाही,' म्हणाल्या.

दुपारी मी परदेशी मंडळींना एक मराठी क्रियापद समजावून सांगितलं. त्यातल्या एकानं ते तांत्रिक संज्ञा समजून लिहून घेतलं. तेवढ्यात तिनं प्रोग्राममधली ती एक ओळ बदलून चाचणी सगळ्यांसमोर पुन्हा चालवली. ओरडणारे सेन्सर बाहेर गेले, आणि रिकाम्या झालेल्या जागेत चांगल्या टकरी एकेक करून येऊन बसायला लागल्या. तिकडून प्रश्नांचा मारा सुरू झाला. तिनं माझ्याकडे एकदाही न बघता उत्तरं दिली. माझी मात्र मान तिच्या प्रत्येक उत्तराला डोलत होती, जशी काही ती मीच लिहून दिली होती.

संध्याकाळी तिचं नाव नक्की झालं. 'अप्पांना तुम्हीच सांगा,' म्हणून तिनं मला दुकानात नेलं. तिच्या अप्पांनी बातमी ऐकून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खुंटीवरचा लोकरी कोट तिच्यापुढे धरला. तो त्यांनी कधीच शिवून ठेवला होता.

'टाक बघू,' ते म्हणाले. मी कोट झेलायला हात पुढे केला. तिनं मात्र तो अंगात घातला, आणि हसत हसत त्यांना शुक्रवारचा सगळा किस्सा सांगितला.

अप्पांनी तिची बाही ओढून सरळ केली, खांद्यावर हात तसाच राहू दिला आणि माझ्याकडे बघितलं.

'सर, म्हैसूरला येऊन तुम्हाला बरीच वर्षं झाली, अल्वा? झाली ना?'

'झाली की.'

'मग आता तरी मराठी शिकून घ्या.'