शून्यावा महिना

आम्ही गुरव. पेडगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या महादेवाची पूजा बाबा आणि दोन चुलते अशा तीन घरांत महिन्यामहिन्याने फिरते. अमावास्या संपली की पाळी पुढच्या घरी.

मी मात्र परभणीत खोली घेऊन मोबाईलचं ॲप बनवायला शिकत होतो. शिकत होतो म्हणजे डोकं फोडून घेत होतो. ज्या टूलवर काम करायचो, त्याच्या माहितीपानावर लिहिलेलं असायचं, 'तारीख नेमा : याने तारीख नेमली जाते.' अरे, ते मलाही दिसतंय की! अडलं की इंटरनेटवर शोधायचं. कुणीतरी माझीच अडचण मांडलेली असायची आणि खाली त्यानेच टाकलेलं असायचं, 'सुटलं, धन्यवाद.' कसं सुटलं, ते नाही. त्या माणसाचा मला भयंकर राग यायचा. पण खरं सांगतो, तेव्हा मला सोबत म्हणून तेवढाच एक होता. घरमालकाशी नळाच्या पाण्यापुरतं बोलणं व्हायचं. बाकी दिवस दिवस तोंड उघडत नव्हतो.

माझं काम बाबांना कळावं म्हणून पहिलं ॲप त्यांच्यासाठीच केलं, पाळी कधी लागते ते सांगणारं. पंचांग बघून बाबांच्या श्रावणातल्या पाळीची तारीख घातली, ऑगस्टचा आठ आकडा टाकला आणि त्यांच्या मोबाईलमध्ये बसवून दिलं. "आता डोक्यात काही ठेवू नका," असं वर ऐटीत सांगितलं.

ॲपने पाळी सप्टेंबरात दाखवली. एरवी बाबांनी मलाच वेड्यात काढलं असतं. पण त्या साली अधिक महिना आला होता, त्याने पाळी पुढे सरकली असेल, असं त्यांनी धरलं. पोराने केलंय म्हटल्यावर कुणाला विचारलंही नाही. श्रावणाच्या पहिल्या दिवशी ऊन वर आलं तरी महादेवावर पाणी पडलं नव्हतं. शेवटी धाकट्या काकांनी पूजा केली.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "दादा इसरलो म्हणायलेत. वय झालं रे. हितून पुढं पाळी आमी दोघं बघतो."

उभ्या जन्मात एक तिथी न चुकलेल्या बाबांनी चूक आपल्यावर घेतली होती. माझं नावही काढलं नव्हतं. मला रडू आलं.

दोन दिवस एकेक आकडा टाकून बघितला, तेव्हा उलगडलं. ते टूल महिने शून्यापासून मोजत होतं. जानेवारी शून्य, म्हणून आठ म्हणजे सप्टेंबर. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तडक बस धरून गावी गेलो. देवळाच्या ओट्यावर काकांना सगळं सांगितलं, मोबाईलवर करून दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शून्यावा महिना कुठं असतोय का? बापासाठी खोटं बोलायलास. लय गुणाचा हायस."

घरी येऊन बाबांनाही तेच सांगितलं. ते कपाळाला गंध लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "राहू दे. इसरतो मी आता."

मला सांभाळून घेण्यासाठी ते असं म्हणत असते, तर मला कळलं असतं. त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.