मुरमुऱ्याच्या पोत्यातलं घुबड

मला एक सांगा, माणसाने भरवसा ठेवावा कोणावर? तराजूवर, गिऱ्हाइकावर, की स्वतःच्या हातावर? विसरवाडीच्या नाक्यावर माझं किराण्याचं दुकान. शाळा मी फारशी पाहिली नाही, पण हाताला वजन कळतं. 'शेठ झोपेतही माल तोलतो' असं लोक म्हणायचे आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. त्या मिशीचं पुढे काय झालं ते ऐका. चहा घ्या आधी.

सुट्टीत सुरतेहून माझी नात सई आली, आणि तिच्याबरोबर आलं एक घुबड. प्लास्टिकचं! आमच्या वेळी लपाछपीला काय लागायचं? चार पोरं आणि एक कोपरा. आता लपायलासुद्धा सेलवर चालणारं घुबड! आपण ते लपवायचं. मग ते थोड्या थोड्या वेळाने ओरडतं, "हू हू! मैं यहाँ हूँ! मुझे ढूँढो!" आवाजाच्या मागावर पोरांनी शोधायचं.

आमची मंडळी कडाडली. "दुकानमा घुबड? तुमले काही समजस का?"

"अवं, लक्ष्मीनं वाहन शे ते!" म्हटलं. व्यापारी माणूस, उत्तर तयार पाहिजे.

आता खरी गोष्ट. मी घुबड लपवायचो आणि माझा चहा निवायच्या आत सई शोधून काढायची. गुळाच्या ढेपेमागे, साबणाच्या खोक्यात, कुठेही! जायच्या दिवशी म्हणाली, "आबा, संध्याकाळी माझी बस आहे. हा शेवटचा डाव. अवघड लपवा हं, नाहीतर तुम्हाला येतच नाही असं मी मम्मीला सांगेन."

मला येत नाही? मला? तिला जेवायला पाठवलं आणि घुबड दाबलं थेट मुरमुऱ्याच्या पोत्यात, तळाशी. कान लावून ऐकलं. आवाज इतका बारीक, जणू कोणी उशीखाली बोलतंय. खूश होऊन गादीवर टेकलो.

दुपार कशी होती सांगू? पंखा हळू फिरत होता, हमरस्त्यावरचे ट्रक लांब कुठेतरी गुणगुणत होते, आणि डोळ्यांवर मध ओतल्यासारखं झालं. स्वप्नात मी पोरगा झालो. मिरची वाळत घालतात त्या पथारीवर उभा, लांबपर्यंत नुसतं लाल लाल, आणि वर पांढरे ढग इतके खाली आलेले की हात लावावा. एक बाई आली, म्हणाली, ढग द्या. मी एक ढग खाली ओढला, त्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि तिच्या डोक्यावर ठेवला. कुठूनतरी कोणी म्हणत होतं, मुझे ढूँढो... किती गोड वाटत होतं म्हणून सांगू!

"आबा! घुबड ओरडतच नाही!"

डोळे उघडले. सईने सगळं दुकान उलथंपालथं केलेलं. ओठ थरथरत होते, बसची वेळ होत आलेली. "आबा, ते मेलं का?"

"मरतंय कसलं? ये, दाखवतो," म्हणत मी ऐटीत वळलो. पोतं कुठाय? पोत्याची जागा रिकामी! पोरगी आता रडत बसमध्ये चढणार!

तेवढ्यात बसस्टँडकडून गलका आला. आम्ही दोघं धावलो. मुरमुऱ्याचा चटकदार भत्ता विकणाऱ्या कमलबाईच्या गाडीभोवती ही गर्दी! ती गरीब बाई हातात झारा धरून माझ्याच पोत्याला दटावत होती.

"कोन शे? बाहेर ये!"

"मुझे ढूँढो!" पोतं म्हणालं.

"मी कसाले ढूंडू? तूच निंघ ना!"

एका म्हाताऱ्याने पोत्याला हात जोडले. दुसरा बसच्या पायरीवर चढून म्हणाला, "आज भत्ता नको, बाई!"

सईने खांद्यापर्यंत हात घातला आणि घुबड ओढून काढलं. केसात मुरमुरे, डोळ्यांत दिवाळी! "आबा! इतक्या लांब लपवलं? कसलं भारी सुचलं तुम्हाला!"

मी काय केलं असेल? मान डोलावली. मिशीवरून हातसुद्धा फिरवला.

पण कमलबाई गप्प बसेल तर ना! "लपाडं काय, पोरी? पोतं तं तुन्हा आबानीच माले दिनं. डोया मिटीसन! वर सांगं, 'ढग हलका शे, सांभाळीसन लई जा.' माले वाटनं, शेठ गंमत करी ऱ्हायना!"

झालं! सगळा स्टँड हसला. सई तर हसून हसून रस्त्यातच बसली. बस हलली तेव्हा खिडकीतून घुबड नाचवत ओरडली, "आबा, आता डोळे उघडे ठेवून विका हं!"

वय झालंय, ते काही जमत नाही. म्हणून तुम्हाला एकच विनंती. दुपारी दुकानात आलात आणि माझे डोळे मिटलेले दिसले, तर काय नेलंत त्याचा हिशोब तुम्हीच इमानाने ठेवा. आणि ढग नेला असेल, तर उघडून आत काय आहे तेही सांगून जा.