लातूर ते इस्लापूर, एका सहीच्या मागून

कोल्हापूरहून सकाळी सहाच्या एस.टी.त बसले तेव्हा कंडक्टरने माझी पिशवी उचलून वर ठेवायचा प्रयत्न केला आणि तो अडखळलाच.

“ताई, दगड भरलेत का?”

“हातोडी आहे. आणि मापं.”

त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि पिशवी सीटखाली सरकवली.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते आणि वर्षातून चार-पाचदा रजा काढून मोटारशर्यतींची तपासनीस म्हणून जाते. शर्यतीआधी प्रत्येक गाडी, चालवणाऱ्याचं हेल्मेट, त्याला सीटला बांधून ठेवणारे पट्टे, अंगातला सूट, आग विझवायची बाटली, हे सगळं नियमात बसतं का ते बघायचं. बसलं तर तक्त्यावर खूण आणि खाली सही. नाही बसलं तर ती गाडी सुटण्याच्या रेषेवर जात नाही. एवढंच काम. पण सही करणं जितकं सोपं, तितकंच न करणं अवघड, हे या कामात पहिल्या वर्षीच कळतं.

या वेळची शर्यत तीन टप्प्यांची होती. लातूरला तपासणी, दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळजवळ कच्च्या रस्त्यावर दोन टप्पे, मग नांदेडला मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी इस्लापूरच्या जंगलातला शेवटचा टप्पा. मराठवाड्यात मी पहिल्यांदाच चालले होते. तुळजापूर मागे पडल्यावर जमीन सपाट आणि काळीभोर झाली. दोन्ही बाजूंना तुरीची कापणी चालली होती. औशाच्या पुढे हरभऱ्याची हिरवी पट्टी रस्त्याला चिकटून धावत होती. लातूरच्या स्टँडवर उतरले तर समोर पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींचा लोंढा. एक क्लास सुटला होता आणि दुसरा भरत होता. रिक्षावाल्याने मलाही विचारलं, “कोनत्या क्लासला सोडू? लेकराला भेटाया आल्या का?”

तपासणी एका बंद पडलेल्या डाळमिलच्या आवारात होती. सकाळी तिथल्याच टपरीवर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली न्याहारी) खाल्ली आणि आठला कामाला लागले. एकवीस गाड्या होत्या. दहाव्या गाडीपर्यंत विशेष काही निघालं नाही. एका हेल्मेटला बारीक चीर होती, एका बाटलीची मुदत संपली होती. दोघांनीही बदलून आणलं.

अकरावी गाडी शिवलीलाची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, मोजकं बोलणारी. वडिलांचं, मन्मथअप्पांचं, बाजारात पेंडीचं दुकान. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, पांढरं स्वच्छ धोतर. ते लेकीच्या गाडीला टेकून उभे होते, जणू गाडी नाही, घरचा बैल दाखवायला आणलाय. हेल्मेट नवं, सूट बरोबर, पट्ट्यांची मुदत शिल्लक. मी भराभर खुणा केल्या. मग आतला पिंजरा (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून बसवलेली लोखंडी पाइपांची चौकट) हातोडीने वाजवत गेले. पुढचे पाइप एका आवाजात बोलले. मागचे तिरपे दोन पाइप डब्यासारखे वाजले.

मी मापण्यासाठी ठेवलेल्या भोकातून जाडी मोजली. पुन्हा मोजली. नियमापेक्षा कमीच.

“हे दोन पाइप कुणी बसवले?”

गर्दीतून एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. डोळ्यांभोवती वेल्डिंगच्या चष्म्याची खूण पडलेली. ट्रॉल्या बनवणारे अजीमचाचा. “मीच. पाइप कम पडला, मॅडम. दुकान बंद होतं. मागं दिसत न्हाई म्हनून खुर्चीचा पाइप टाकला. झूट कशाला बोलू?”

मी तक्त्यावर फुली मारली.

मन्मथअप्पा मला बाजूला घेऊन गेले. आवाजात अजिजी होती. “मॅडम, पोरगी जपून चालवंल. एवढी बार सोडा. सगळे सोयरे शिरूरला येनार हायेत बघाया.”

“अप्पा, जपून चालवायचं असेल तर शर्यतीत कशाला यायचं?”

मागोमाग स्पर्धाप्रमुख आले. लातूरची एकच मुलगी आहे, लोक तिच्यासाठी येणार आहेत, असं त्यांनी समजावलं. मी मान हलवली नाही. एवढ्यात शिवलीला पुढे आली. तिने वडिलांकडे नाही, प्रमुखांकडेही नाही, माझ्याकडे पाहून विचारलं, “काय पायजे ते सांगा. कितीला बंद करनार तुमी?”

“सहाला. बिनजोडाचा पाइप हवा. माप लिहून देते.”

तिने चिठ्ठी वाचली. “चाचा, तेलाच्या मिलचे बॉयलर दुरुस्त करतेत त्यांच्याकडं असला पाइप असतोय न्हवं?”

“हाव, असतोय की!” अजीमचाचांचा चेहरा उजळला. पाच मिनिटांत गाडी आवारातून गेलीसुद्धा.

राहिलेल्या दहा गाड्या तपासता तपासता माझं लक्ष फाटकाकडे होतं, हे कबूल केलं पाहिजे. सहाला वीस मिनिटं कमी असताना ती गाडी आली. चाचांचे हात काळे झालेले, शिवलीलाच्या बाहीवर ठिणग्यांची भोकं. मी जाडी मोजली, चोख. वेल्डिंगवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. इतकं सुरेख काम मी मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्येही क्वचित पाहिलंय. तसं म्हटल्यावर चाचांनी नुसतं “खुदा का शुकर” म्हणून तोंड दुसरीकडे फिरवलं. फुली खोडून मी खूण केली आणि सही ठोकली. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळजवळच्या वावरांमधून धुळीचे लोट उठले. येळवस (वेळा अमावस्या, लातूरकडचा शेतात जेवायचा सण) दोन दिवसांवर होती, त्यामुळे घराघरांत तयारी चाललेली. रस्त्याकडेच्या एका शेतकरीण बाईंनी मला खोपीत बोलावून आंबील (ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबट पेय) दिली. “एवढ्या जोरात पळून कुठं जायचंय ह्यानला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “परत इथंच.” त्या खूप हसल्या.

शिवलीला सुरेख चालवत होती. वळणावर तिची गाडी घसरत नव्हती, वळत होती. दोन टप्पे संपले तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती, सतरा सेकंदांनी. सोयऱ्यांनी गुलाल उधळला. एक गाडी गिअरबॉक्स तुटून बाद झाली, ती नांदेडच्या बलबीरसिंगांची. बाकी चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता धरून संध्याकाळी नांदेडला पोचल्या. मी गोदावरीच्या काठाने चालत जाऊन गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये पंगतीला बसले. गरम डाळ आणि रोटी. दिवसभराची धूळ घशातून खाली गेली.

सकाळी सुटण्याआधी मी गाड्यांवरून एक नजर फिरवते. ती नियमात नाही, माझी सवय आहे. चालक मंडळी चहा घेत होती. शिवलीलाच्या गाडीत वाकून मी खांद्याचा पट्टा सरळ करायला हात घातला. सीटच्या मागे, पिंजऱ्याच्या आडव्या पाइपावरून पट्टा वळतो तिथे, खालच्या अंगाला बोटाला काहीतरी टोचलं. साबुदाण्यासारखे कडक दाणे. पट्टा उलटा केला. जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत धागे वितळून गोळा झालेले.

वेल्डिंगच्या ठिणग्या. परवा दुपारच्या.

मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिले. पट्टे मी सकाळी तपासले होते. संध्याकाळी फक्त पाइप पाहिले. मीच सांगितलेल्या कामात ते जळले होते आणि तक्त्यावर त्यांच्यापुढे माझीच सकाळची खूण होती. ही मुलगी काल दोन टप्पे अर्ध्या पट्ट्यावर धावली होती, माझ्या सहीच्या भरवशावर.

आजूबाजूला कुणी नव्हतं. पट्टा पुन्हा पालथा केला असता तर कुणाला कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला. मग मी उठले आणि तिला हाक मारली.

तिने पट्टा पाहिला. हातातला कप खाली ठेवला.

“म्हंजे काल मी जळक्या पट्ट्यावर पळून राहिले होते?”

“हो. मी परत बघायला हवा होता. चूक माझी आहे.”

“तुमीच सही केलती न्हवं?” तिचा आवाज चढला. “दोन पाइपांसाठी सगळ्यांसमोर फुली मारली. अन् हे दिसलं न्हाई तुमाला?”

“नाही दिसलं.”

अजीमचाचा आले. पट्टा हातात घेऊन ते खालीच बसले. “मी ओलं पोतं टाकलं होतं वर. सरकलं असंल. बेटा, मी बघितलं न्हाई.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवलीला त्यांच्यावर मात्र रागावली नाही. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

स्पर्धाप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. “एकच टप्पा राहिलाय, मॅडम. पहिली आहे ती. काल टिकला तो पट्टा, आज नाही टिकणार? तुमची सही आहेच.”

“ती सही मी मागे घेते. माझी चूक लेखी देते. या पट्ट्यावर गाडी सुटणार नाही.”

ते मन्मथअप्पांकडे वळले. अप्पा ‘पळू द्या’ म्हणाले असते तर माझ्यावर सगळेच तुटून पडले असते. अप्पांनी तो जळका भाग अंगठ्याने चाचपला.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले, “मॅडम म्हनतेत तसंच करा. नंबर मला नगं.”

“मला पायजे,” शिवलीला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज परत जागेवर आला होता. “दुसरा पट्टा कुनाकडं हाय?”

आदल्या दिवशी बाद झालेले बलबीरसिंग निरोप घ्यायला आले होते. जन्म नांदेडचा, मराठी आमच्याइतकीच. ते म्हणाले, “माझ्या गाडीतला घ्या की! ती तर रात्रीच ओढून आनलीय, हितंच उभी हाय.” आम्ही त्यांच्या गाडीकडे धावलो. मी आधी पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरची मुदत वाचली, मग प्रत्येक शिवण पाहिली. चाचांनी पाना हातात घेतला. बोल्ट मी धरला. पट्टे बसल्यावर मी थांबले नाही. तक्ता नव्याने पहिल्या ओळीपासून घेतला. ब्रेक, चाकं, बाटली, हेल्मेट, सगळं. मागून कुणीतरी “उशीर होऊन राहिला, मॅडम” म्हणत होतं. मी मान वर केली नाही. शिवलीला शेजारी उभी राहून एकेक वस्तू माझ्या हातात देत होती.

ती बावीस मिनिटं उशिरा सुटली. मिनिटाला दहा सेकंद दंड. पहिला नंबर तिथेच गेला होता, आणि ते तिला माहीत होतं.

मी अधिकाऱ्यांच्या जीपमधून भोकर, हिमायतनगरमार्गे इस्लापूरला गेले. तिथे सागाचं जंगल सुरू होतं आणि काळी जमीन तांबूस होते. शेवटच्या रेषेपासून सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज येत होता. पैनगंगेचं पाणी थंडीत उतरलेलं, तरी काळ्या खडकांवरून ते चांगलंच कोसळत होतं. एकेक गाडी येत गेली. सगळ्यांत शेवटी तिची आली, चिखलाने माखलेली. त्या टप्प्यात तिच्याइतक्या वेगाने कुणीच आलं नव्हतं. दंड धरून सातवी.

ती उतरली आणि सरळ पाण्याकडे गेली. तोंड धुऊन आल्यावर माझ्यासमोर उभी राहिली. “राग अजून गेला न्हाई,” ती म्हणाली.

“जाऊ नये,” मी म्हटलं.

अप्पांनी डबा उघडला. भाकरी, शेंगांची चटणी, तुरीच्या दाण्यांची उसळ. चौघं खडकावर बसून जेवलो. चाचांनी दोनदा माझ्या भाकरीवर चटणी वाढली.

परतीचा प्रवास लांब होता. नांदेड ते लातूर, लातूर ते सोलापूर, तिथून घर. एस.टी.त मांडीवर कागद ठेवून मी शर्यतीच्या समितीला पत्र लिहिलं, जे घडलं ते घडलं तसं. समितीने मला लेखी ताकीद दिली आणि पुढच्या दोन स्पर्धांना बोलावलं नाही. ते योग्यच होतं. मला टोचतं ते वेगळंच. खुर्चीचे पाइप शोधताना मी जितकी जागी होते, तितकी ते बदलून आल्यावर नव्हते. दुसऱ्याचा दोष सापडला की माणूस खुशीत येतो आणि त्या खुशीत त्याची नजर सैल पडते. वर्गात आता मी पहिल्याच दिवशी सांगते की गाडीला हात लागला की आधीच्या सगळ्या खुणा पुसायच्या. हे का सांगते तेही सांगते, माझं नाव घालून.

मागच्या आठवड्यात फोन वाजला. आवाज मी लगेच ओळखला.

“मॅडम, शिवलीला बोलते. नवा क्लच टाकलाय गाडीला. पुढच्या शर्यतीला तपासाया तुमी असनार का?”

“मला बोलावलं तर असेन. पण सगळं पहिल्यापासून बघेन. वेळ लागेल.”

“बघा की,” ती म्हणाली. “म्हनून तर विचारून राहिले.”